बेडफर्डच्या तुरुंगातील यात्रिक

१६६० सालच्या नोव्हेंबर महिन्याची १२ तारीख. इंग्लंडमधील बेडफर्ड परगण्यातल्या लोअर सॅमसेल नावाच्या खेड्यात एका घरी काही माणसे प्रार्थनेसाठी जमू लागली होती. प्रवचन करावयास जो पाहुणा आला होता, तो पेशाने भांडी झाळणारा कारागीर. खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून गावोगाव हिंडावे, फुटकी पातेली आणि किटल्या सांधून द्याव्यात, हा त्याचा आणि त्याच्या बापाचा धंदा. त्या दिवशी त्याला पकडण्याचा हुकूम निघाला आहे, ही वार्ता यजमानाच्या कानी आली होती. सभा मोडावी आणि पाहुण्याने निघून जावे, असे यजमानाने सुचवले. पाहुणा घराबाहेर पडला, शेतात थोडा वेळ एकटाच फिरला आणि परत आला. आपण इतरांना धीराच्या गोष्टी सांगत आलो, आता प्रसंग आल्यावर आपणच पळालो तर नव्या आणि दुबळ्या मनाच्या लोकांनी काय समजावे, असा विचार त्याने केला होता. प्रार्थना सुरू झाली आणि शिपाई आले. त्या दिवशी सुरू झालेला जॉन बन्यन ह्याचा बंदिवास मधला थोडा काळ वगळता तब्बल १२ वर्षे चालला.

संकटातून आशेचा आणि आनंदाचा मार्ग दाखवणाऱ्या ख्रिस्ती पुस्तकांची परंपरा फार जुनी आहे. ह्यांतील पुष्कळ पुस्तके सुस्थितीत, ऊबदार खोलीत बसून लिहिली गेली आणि वाचणाऱ्यांच्या लगेच विस्मरणातही गेली. परंतु ह्या परंपरेत जे पुस्तक बायबलच्या खालोखाल घरोघरी गेले, दोनशेहून अधिक भाषांत उतरले आणि मराठीतही गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अवतरले, ते ह्या तुरुंगातून आले. त्यातला आनंद कोणत्या भावाने विकत घेतलेला होता, हे समजल्यावाचून ते पुस्तक नीट समजत नाही.

बन्यनचा जन्म १६२८ साली बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी झाला. घरची गरिबी होती, तरी आईबापांनी त्याला लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण दिले. तो सोळाव्या वर्षात असताना १६४४ च्या जून महिन्यात आई वारली, पुढच्या महिन्यात बहीण वारली आणि त्याच्या पुढच्या महिन्यात बापाने पुन्हा लग्न केले. राजा आणि पार्लमेंट ह्यांच्यातील यादवी युद्ध तेव्हा ऐन भरात होते. मुलगा पार्लमेंटच्या फौजेत दाखल झाला. तेथे एकदा एका वेढ्यावर जाण्यासाठी त्याची निवड झाली असता दुसऱ्या एका शिपायाने त्याच्याऐवजी जाण्याची इच्छा दाखवली. तो गेला, पहाऱ्यावर उभा राहिला आणि डोक्यात गोळी लागून मेला. बन्यनने ही हकिकत पुढे अवघ्या दोन-तीन वाक्यांत सांगितली आहे. परंतु आपले आयुष्य कोणाच्या तरी बदल्यात मिळालेले आहे, ही जाणीव त्याच्या मनातून कधी गेली नसावी.

फौजेतून परतल्यावर त्याने लग्न केले. त्या पहिल्या पत्नीचे नावसुद्धा इतिहासाला माहीत नाही. दोघांच्या संसारात एक ताटली किंवा एक चमचासुद्धा नव्हता, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. वधूने माहेराहून आणली ती दोन पुस्तके. आर्थर डेंट नावाच्या धर्मोपदेशकाने साध्या माणसाला स्वर्गाची वाट दाखवण्यासाठी लिहिलेले एक, आणि लुईस बेली ह्या बिशपचे भक्तीच्या आचरणावरचे दुसरे. तिच्या बापाने मरताना लेकीला दिलेला हा सगळा वारसा. आज ही दोन्ही पुस्तके अभ्यासकांवाचून कोणी उघडत नाही. पण गरिबाच्या घरी पुस्तकाचे मोल काय असते, हे पाहावयाचे तर ह्या लग्नातील आंदणाकडे पाहावे. भांडी सांधणाऱ्याच्या घरात भांडे नव्हते, पुस्तके मात्र होती.

त्या पुस्तकांनी त्याला लगेच शांती दिली असे नाही. उलट, पापाच्या आणि नरकाच्या भयाने तो कित्येक वर्षे अक्षरशः होरपळत राहिला. एके दिवशी कामासाठी बेडफर्डच्या एका रस्त्यावरून जात असता त्याने तीन-चार गरीब बायका दारात उन्हाला बसून बोलत असलेल्या पाहिल्या. बोलणे देवाविषयीचे होते. धर्मावर वाद घालण्यात तो स्वतः पटाईत होता, म्हणून कान देऊन ऐकू लागला. पण त्या काय बोलत होत्या हेच त्याला कळेना. त्या वाद घालीत नव्हत्या. आपल्या अंतरात काय घडले, मोहांच्या वेळी आपण कशा तगलो, हे त्या एकमेकींना सांगत होत्या, आणि आनंदच त्यांच्या तोंडून बोलत आहे, असे त्याला वाटले. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या बायकांना स्थान नाही. तथापि बन्यनच्या पुस्तकातील आनंदाचा उगम शोधावयाचा तर तो त्या उन्हातल्या दारात सापडेल. ह्या बायका ज्या लहानशा मंडळीच्या होत्या, त्या मंडळीत तो यथाकाल सामील झाला आणि थोड्याच वर्षांत तिचा आवडता प्रवचनकार झाला. १६५८ साली पत्नी वारली. चार मुले मागे राहिली. त्यांतली थोरली मेरी जन्मांध होती. पुढच्या वर्षी त्याने एलिझाबेथ नावाच्या तरुण मुलीशी विवाह केला.

१६६० च्या मे महिन्यात दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि वारे फिरले. राजमान्य चर्चच्या बाहेर, बिशपच्या परवान्यावाचून उपदेश करणारे लोक राजद्रोही मानले जाऊ लागले. राणी एलिझाबेथच्या काळातला १५९३ चा एक कायदा पुन्हा वर काढण्यात आला. त्याची तरतूद अशी होती, की अशा माणसाला प्रथम तीन महिने कैद. तरी ऐकले नाही तर देशत्याग. आणि परवानगीवाचून परत आला तर फाशी. १६६१ च्या जानेवारीत बन्यनला न्यायासनापुढे उभे करण्यात आले. न्यायाधीश केलिंग ह्याने त्याला ही शिक्षा स्पष्ट शब्दांत ऐकवली. बन्यनचे उत्तर असे होते, की आज सोडलेत तर उद्या पुन्हा उपदेश करीन.

इतर कैद्यांहून त्याची स्थिती वेगळी होती, ती येथे. चोराला किंवा कर्जदाराला तुरुंगाचे दार आपल्या इच्छेने उघडता येत नाही. बन्यनला ते कोणत्याही दिवशी उघडता आले असते. उपदेश करणार नाही, एवढा एक शब्द पुरेसा होता. शिक्षा झाल्यावर एप्रिल महिन्यात न्यायालयाचा कारकून पॉल कॉब तुरुंगात त्याच्याकडे आला. माणूस समंजस होता. शेजाऱ्याला खाजगीत चार शब्द सांगण्यास कोणाची मनाई नाही, मग सभा कशाला भरवतोस, अशी त्याने समजूत घातली. बन्यनने विचारले, एकाचे भले करणे चालते तर दोघांचे का चालू नये? कॉब बिचारा परत गेला. पहिल्या वर्षी तुरुंगाधिकारी इतका सैल होता, की बन्यनला अधूनमधून बाहेर जाऊ देई. एकदा तर तो लंडनलाही जाऊन आला. जाऊन आला, म्हणजे परत आला. ही गोष्ट वर कळली तेव्हा त्या अधिकाऱ्याची नोकरी जाता जाता राहिली.

ह्या हट्टाची किंमत कोण देत होते? बन्यनला ह्याची पुरेपूर जाणीव होती, आणि त्याच्या लिखाणाचे मोठेपण हे, की त्याने ती लपवली नाही. अटकेची बातमी ऐकून गरोदर एलिझाबेथला अकाली कळा सुरू झाल्या. आठ दिवस वेदना सोसून ती बाळंत झाली आणि मूल गेले. अंथरुणातून उठून ही मुलगी नवऱ्याच्या सुटकेचा अर्ज घेऊन लंडनला गेली. १६६१ च्या ऑगस्टमध्ये फिरते न्यायाधीश बेडफर्डला आले तेव्हा एकाला तिने समक्ष अर्ज दिला, दुसऱ्याच्या चालत्या गाडीत तो टाकला आणि शेवटी न्यायाधीश व सरदार बसले होते त्या दालनातच ती जाऊन उभी राहिली. आपली चार लहान मुले आहेत, एक आंधळे आहे, आणि चांगल्या लोकांच्या दानधर्मावर आम्ही जगतो, असे तिने सांगितले. एवढ्या कोवळ्या वयात चार मुले कशी, असे सर मॅथ्यू हेल ह्या न्यायाधीशाने विचारले, तेव्हा आपण सावत्र आई आहोत आणि लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नाहीत, हे तिने सांगितले. हेलला दया आली. इतर मात्र संतापले. नवऱ्याने आपला भांडी झाळण्याचा धंदा करावा, असे ते म्हणाले. तो झाळकाम करणारा आणि गरीब आहे म्हणूनच त्याला न्याय मिळत नाही, असे तिने तेथल्या तेथे बजावले. काही साधले नाही. बाहेर पडताना तिला रडू कोसळले. ते त्यांच्या निष्ठुरपणामुळे नव्हे, तर परमेश्वरापुढे ह्या माणसांना काय जबाब द्यावा लागेल ह्या विचाराने, असे तिने नवऱ्याला सांगितले. हा प्रसंग बन्यनने तिच्या तोंडून ऐकून लिहून ठेवला. ते टिपण कुटुंबात पडून राहिले आणि थेट १७६५ साली छापले गेले.

तुरुंगात त्याने चरितार्थासाठी एक नवा धंदा शिकून घेतला. बुटांच्या लांब नाड्यांच्या टोकांना पत्र्याची टोपणे बसवावयाची आणि त्या ग्रोसांनी विकावयाच्या. आंधळी मेरी बापासाठी संध्याकाळी मडक्यातून रस्सा घेऊन येई, अशी बेडफर्डमध्ये आख्यायिका आहे. ते मडकेही तेथे जपून ठेवलेले दाखवतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मेरीविषयी त्याच्या मनाची अवस्था त्याने स्वतःच सांगितली आहे. बायकामुलांपासून तुटणे म्हणजे हाडांवरून मांस सोलून काढल्यासारखे वाटे. आणि सर्वांत जास्त जीव तुटे तो ह्या आंधळ्या पोरीसाठी. ती भीक मागेल, मार खाईल, थंडीत उघडी राहील, आणि आपल्याला तर तिच्या अंगावर वारा आलेलाही सहन होत नाही. आपण स्वतःच्या घराचे छप्पर बायकामुलांच्या डोक्यावर पाडत आहोत, असे त्याला वाटे.

त्याहूनही प्रामाणिक असा एक कबुलीजबाब आहे. आपल्याला फाशी होणार, असे एका काळी त्याला वाटत होते. त्या दिवसांत त्याची प्रार्थना कोरडी पडली होती. परमार्थाचा कसलाच दिलासा मनाला मिळेना. फासाची शिडी चढताना आपला चेहरा पांढरा पडला, गुडघे लटपटले, तर लोक आपल्या श्रद्धेला हसतील, ह्याचीच लाज त्याला खाऊ लागली. शेवटी त्याने ठरवले, की देव दिलासा देवो अथवा न देवो, आपण आपल्या शब्दाला जागावयाचे. शिडीवरून डोळे मिटून अनंतात उडी घ्यावयाची, मग खाली स्वर्ग असो की नरक असो. हा निश्चय झाल्यानंतर त्याचे मन हलके झाले. बक्षिसाची आशा सुटल्यावर आलेली ही शांती आहे. धीर देणारी पुस्तके लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी असला प्रसंग छापून प्रसिद्ध केला असेल. बन्यनने तो १६६६ साली आपल्या आत्मवृत्तात घातला.

कोठडीत त्याच्यापाशी मुख्यतः दोन पुस्तके होती, बायबल आणि जॉन फॉक्सने लिहिलेला हुतात्म्यांचा इतिहास. ह्या दोहोंच्या बळावर तो लिहीत गेला. दुसरे एक धार्मिक पुस्तक लिहीत असताना त्याला अचानक एका प्रवासाची कल्पना सुचली. ठिणग्या उडाव्या तशा कल्पना येऊ लागल्या, तेव्हा हातातले काम संपवून तो तिच्या मागे लागला. १६७२ साली राजाने धर्मविषयक सवलतीची घोषणा केली आणि तो सुटला. पुढे १६७६-७७ साली आणखी सुमारे सहा महिने त्याला तुरुंगात काढावे लागले. पुस्तक केव्हा लिहून पुरे झाले ह्याबद्दल विद्वानांत वाद होता; आता बहुतेकांचा कल दीर्घ बंदिवासाकडे आहे. हस्तलिखित मित्रांना दाखवले, तर काही म्हणाले छाप, काही म्हणाले नको. धर्मासारख्या गंभीर विषयात राक्षस, किल्ले आणि दलदली आणणे त्यांना पोरकट वाटले. बन्यनने छापण्याचा कौल घेतला. १६७८ साली लंडनच्या नथॅनिएल पाँडर ह्या प्रकाशकाने दीड शिलिंग किमतीला ते विकावयास काढले. ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हे त्याचे नाव.

कथा पुष्कळांना ठाऊक आहे. विनाशनगरात राहणारा ख्रिश्चन नावाचा एक माणूस पाठीवर ओझे घेऊन स्वर्गीय नगराच्या वाटेला लागतो. आरंभीच तो नैराश्याच्या दलदलीत रुततो. पुढे अवघड डोंगर लागतो, मृत्युच्छायेची दरी लागते, पोकळ डामडौलाची जत्रा लागते. त्या जत्रेतील न्यायालयात त्याच्या सोबत्याला देहान्ताची शिक्षा होते, आणि तेथील न्यायाधीशाच्या तोंडी बन्यनने जी भाषा घातली आहे तीत केलिंगचा सूर ओळखू येतो.

परंतु बंदिवानाचा हात खरा दिसतो तो संशयदुर्गाच्या प्रकरणात. ख्रिश्चन आणि त्याचा नवा सोबती होपफुल खडकाळ रस्त्याला कंटाळून कुंपणापलीकडच्या मऊ गवतातून चालू लागतात आणि वाट चुकतात. नैराश्य नावाचा राक्षस त्यांना झोपेत पकडून आपल्या अंधाऱ्या कोठडीत कोंडतो. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही. राक्षस रोज रात्री बायकोचा सल्ला घेतो आणि दिवसा येऊन त्यांना सोट्याने झोडपतो. मग तो त्यांना सुचवतो, की तुम्ही येथून सुटत नाही, तेव्हा सुरी, दोर किंवा विष ह्यांपैकी काही पसंत करा. ख्रिश्चनला ते पटू लागते. येथे लेखकाने एक गमतीदार गोष्ट सांगितली आहे: उन्हाचा दिवस असला की ह्या राक्षसाला फेफरे येते आणि त्याचा हात लुळा पडतो. निराशेने ग्रासलेल्या मनाला केवळ स्वच्छ उन्हाने थोडा वेळ बरे वाटते, हे ज्याने बारा हिवाळे तुरुंगात काढले त्यालाच सुचावे. शनिवारी मध्यरात्री दोघे प्रार्थनेला बसतात, आणि पहाटेच्या सुमारास ख्रिश्चन एकदम म्हणतो, की मी केवढा मूर्ख, माझ्या छातीशी ‘वचन’ नावाची किल्ली आहे आणि ती ह्या किल्ल्यातील कोणतेही कुलूप उघडते. आतली दोन दारे सहज उघडतात. बाहेरच्या लोखंडी दरवाजाचे कुलूप मात्र फार जड जाते.

हे जड जाणारे कुलूप महत्त्वाचे आहे. सामान्य बोधकथाकाराने सगळी दारे एकसारखी उघडली असती. बन्यनचा हात धातूच्या कामात मुरलेला होता; गंजलेले कुलूप किल्ली बरोबर असूनही कसे अडते, हे तो जाणून होता. आणखीही एक गोष्ट येथे लक्षात येते. बेडफर्डच्या तुरुंगाची किल्लीदेखील बन्यनच्याच हाती होती आणि ती त्याने बारा वर्षे वापरली नाही. तिच्याने दार उघडले असते, पण माणूस आत राहिला असता. कथेतील किल्ली त्याने वापरली. ज्या कोठडीतून बाहेर पडणे अगत्याचे होते ती दगडाची नव्हती, हे त्याने स्वतःवर प्रयोग करून पाहिले होते.

पुस्तकात दोषही आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. ख्रिश्चन बायकामुलांना टाकून कानात बोटे घालून पळतो, हे आजच्या वाचकाला खुपते. तेव्हाच्याही काहींना खुपले असेल. शेवटच्या पानावर तर अज्ञान नावाचा एक यात्रेकरू स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचतो आणि तेथून त्याला उचलून नरकात लोटण्यात येते. सतराव्या शतकातील धर्मसंप्रदायाचा हा कडवटपणा एवढ्या मायाळू लेखकालाही सुटला नाही. मात्र १६८४ साली त्याने दुसरा भाग लिहिला आणि त्यात जणू स्वतःशीच हिशेब केला. ह्या वेळी ख्रिश्चनची पत्नी ख्रिश्चियाना मुलांना घेऊन निघते. वाटेत एकेक जण येऊन मिळतो: कुबड्या घेतलेला लंगडा, सदा भ्यालेला म्हातारा, त्याची त्याहून भित्री मुलगी. संशयदुर्ग पाडला जातो, राक्षस मारला जातो, आणि त्या रस्त्यावरच ही सारी मंडळी वाद्ये काढून नाचू लागतात. लंगडा एका हातात कुबडी धरून त्या भित्र्या मुलीबरोबर नाचतो, आणि चांगला नाचतो. बन्यनला वाद्यांची हौस होती. त्याने घडवलेले म्हणून एक लोखंडी फिडल आजही जपलेले आहे. पहिल्या भागापुढे दुसरा फिका, असे टीकाकार म्हणत आले आहेत. कलेच्या दृष्टीने ते खरे असेल. परंतु दिंडीने पंढरपूरला जाणाऱ्या महाराष्ट्रातील माणसाला हा दुसरा भागच अधिक ओळखीचा वाटेल. एकट्याने पळून जाण्यापेक्षा लंगड्यापांगळ्यांसह चालणे त्याला यात्रेचे खरे लक्षण वाटते.

१६८८ च्या ऑगस्टमध्ये रागावलेल्या एका बापाचा आणि मुलाचा समेट घडवून बन्यन भर पावसात घोड्यावरून लंडनला आला, तापाने पडला आणि ३१ तारखेला वारला. तोपर्यंत पहिल्या भागाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या होत्या. विद्वान मात्र शंभर वर्षे नाके मुरडत राहिले. कवी कूपर ह्याने १७८५ साली बन्यनची मनापासून स्तुती केली, ती त्याचे नाव न घेता. असले हलके नाव ऐकून लोक हसतील, अशी त्याला धास्ती होती. पुढच्या शतकात सदी आणि मेकॉले ह्यांनी बाजू घेतल्यावर तो संकोच संपला. तोवर झोपड्यांतील वाचकांनी कोणाची परवानगी न विचारता ते पुस्तक आपलेसे केले होते. इंग्लंडबाहेरही तसेच घडले. मादागास्करमध्ये पहिल्या रानावालोना राणीच्या कारकीर्दीत १८३५ नंतर ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा त्या बेटावरील लोक ह्या पुस्तकाच्या हाताने उतरून काढलेल्या प्रती लपवून वाचत. बेडफर्डच्या कैद्याची कथा अशा वाचकांना समजावून सांगावी लागत नव्हती.

मराठीत ते १८४१ साली आले. हरि केशवजी ह्यांनी केलेल्या ह्या भाषांतराचे नाव ‘यात्रिक क्रमण’. मराठीत छापील गद्य नुकते रांगू लागले होते. हरि केशवजींनी त्यापूर्वी शास्त्रीय विषयांवरील संवादरूप पुस्तके मराठीत आणली होती, आणि बन्यनच्या पुस्तकातील निम्मा मजकूर संवादांचाच आहे. मराठीतील पहिली भाषांतरित कादंबरी म्हणून वाङ्मयाचे इतिहासकार तिचा उल्लेख करतात. ती आणण्यामागे मिशनऱ्यांचा धर्मप्रसाराचा हेतू होता हे उघड आहे, आणि बहुसंख्य मराठी वाचकांनी ती त्याच कारणाने दूर ठेवली. तरीही तिचे एक बीज रुजले. बेळगावात जन्मलेल्या आणि १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या बाबा पद्मनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी ती हीच. तीतही एक प्रवास आहे. मात्र यमुनेला वाटेत राक्षस आणि किल्ले भेटत नाहीत. तिला भेटतात त्या विधवा. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरच्यांच्या छळाने पिचलेली, कोणी फसवली गेलेली. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली, झाला होता. बन्यनने दुःखाला रूपकाचा वेष दिला होता. पद्मनजींनी तो काढून ठेवला आणि दुःखाला त्याच्या खऱ्या गावी, खऱ्या घरी दाखवले. कादंबरीच्या शेवटी धर्मोपदेश मोठ्या आवाजात येतो आणि कला मागे सरते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मराठी कादंबरीचा पहिला पाय पडला तो दुःखिताच्या दारी, आणि तिला त्या वाटेने आणणाऱ्यांत बेडफर्डच्या यात्रिकाचाही वाटा धरावा लागतो.

बन्यनचा तुरुंग १८०१ साली पाडण्यात आला. तो ज्या मंडळीचा उपदेशक होता तिचे प्रार्थनामंदिर बेडफर्डमध्ये उभे आहे, आणि त्याच्या एका रंगीत काचेच्या खिडकीवर तुरुंगात बसून लिहिणारा बन्यन चितारलेला आहे. १९८७ साली टेरी वेट हा चर्चचा दूत ओलिसांच्या सुटकेसाठी बैरूतला गेला असता स्वतःच ओलीस धरला गेला. जवळजवळ पाच वर्षे तो कैदेत होता, आणि त्यांतील बराच काळ अगदी एकटा, भिंतीला साखळीने जखडलेला. त्या सगळ्या काळात बाहेरच्या जगाकडून त्याला एकच पत्र पोहोचले. ते एका अनोळखी व्यक्तीने पाठवलेले साधे पोस्टकार्ड होते, आणि त्याच्यावर ह्या खिडकीचे चित्र होते. वेटने ते उलटसुलट करून पाहिले. चित्रातल्या बन्यनपाशी टेबल होते, दौत आणि लेखणी होती, अंगावर स्वतःचे कपडे होते, आणि खिडकीतून उजेड येत होता. हा गृहस्थ माझ्या मानाने फारच नशीबवान दिसतो, असे तेव्हा आपल्या मनात आले, असे सुटका झाल्यावर त्याने सांगितले.